बघणाऱ्याचे काय जाते?

मुंबईत मी चाळीस वर्षे राहिले. त्यांतली एकतीस शाळेत शिकवण्यात गेली. चौथीच्या मुलांना मी दर वर्षी ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध घालीत असे आणि मुले दर वर्षी गाय, कुत्रा, घोडा यांच्यावर तेच ते लिहून आणीत. एकदा एका मुलाने उंदरावर निबंध लिहिला. ‘आमच्या घरी रोज येणारा प्राणी हाच,’ असे त्याचे पहिले वाक्य होते. मी त्याला दहांपैकी चार गुण दिले. आता वाटते, अख्ख्या वर्गात खरे लिहिणारा तेवढा एकच होता. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत प्राणिमात्रांशी जो काही संबंध येई तो उंदीर, झुरळ, पाल, कबूतर आणि पोळीच्या तुकड्यासाठी खिडकीत हट्ट धरून बसणारा एक कावळा, एवढ्यांशीच. त्यांतला कावळा सोडला तर बाकीच्यांना घालवण्यासाठी पिंजरे, गोळ्या, जाळ्या असे जे जे बाजारात मिळे ते सारे आम्ही आणीत होतो आणि त्यात आपण काही वाईट करतो आहोत असे आमच्या मनातही येत नसे.

हे निवृत्त झाले आणि 2017 च्या दसऱ्यानंतर आम्ही कुडाळ तालुक्यात, ह्यांच्या वडिलोपार्जित घरी राहायला आलो. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे सारवलेले खळे, मागे दोन फणस आणि एक रातांबा, आणि त्यापलीकडे कुणाच्याच मालकीचा नसावा असा वाटणारा डोंगर. (त्याला मालक आहेत हे पुढे सात-बाराच्या उताऱ्यावर अठरा नावे वाचली तेव्हा कळले.)

पहिले वर्षभर मी नुसती बघतच राहिले. चुलीवर दूध उतू जावे आणि मी मागच्या दारी उभी असावे, हे नित्याचे झाले. थंडीत हळद्या आला की फणसाच्या काळपट पानांत कुणी सोन्याचे नाणे फेकल्यासारखे होई. चैत्रात दयाळ अंधार असतानाच गायला सुरुवात करी. पहिल्या पावसाच्या आधी ओहोळाकाठच्या झाडांवर काजवे असे लखलखत की ह्यांच्यासारखा व्यवहारी माणूसही जेवण टाकून बाहेर येई. सड्यावरच्या काजऱ्यावर धनेशांची जोडी उतरे. काजऱ्याची बी म्हणजे जहर, पण तिच्याभोवतीचा गर हे पक्षी मजेत खातात. त्यांच्या उडण्याचा आवाज प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, कुणी वरून मोठी चटई झटकीत चालले आहे. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर आठवडेच्या आठवडे तिला भरवतो, हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितले होते. पण गळ्यातून एकेक फळ वर काढून ते त्या फटीत देणारा नर डोळ्यांनी पाहिला तेव्हा मला माझेच शिकवणे आठवून लाज वाटली. इतक्या वर्षांत मी ते एकदाही आश्चर्याने सांगितले नव्हते.

पण मला खरे वेड लागले ते वानरांचे. अठरा-वीस जणांची टोळी डोंगराच्या कडेकडेने दिवसाआड जाई. एकच थोराड हुप्प्या आणि बाकी साऱ्या माद्या नि पोरे. नुकते जन्मलेले पिलू अंगाने काळपट आणि तोंडाने गुलाबी असते, आई मात्र राखाडी अंगाची आणि काळ्या तोंडाची. ते पिलू टोळीतल्या बाकीच्या माद्या आईकडून मागून घेतात, कधी हिसकावूनही घेतात, उलटे-सुलटे करून बघतात आणि ते किंचाळू लागले की दुसरीच्या मांडीवर टाकतात. बारशाला जमलेल्या बायका आणि या बायका यांत मला तरी काही फरक दिसला नाही. मी त्यांना नावे ठेवली, वही घातली, कोण कुणाच्या उवा बघते ते लिहून ठेवू लागले. हे मोबाइलवर फोटो काढून मुंबईच्या नातेवाइकांना पाठवीत आणि तिकडून ‘तुम्ही किती भाग्यवान!’ अशी उत्तरे येत. आम्ही ती एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवीत असू.

2022 च्या मे महिन्यात नातू राहायला आला. टोळी फणसापर्यंत येत होती, पण खळ्यात उतरत नव्हती. नातवाला ती जवळून बघायची होती. मी दोन केळी पेळेवर ठेवली. तुम्ही म्हणाल, दोन केळ्यांनी काय होते? दुसऱ्या दिवशी चार ठेवली. मग उरलेली पोळी, मग मूठभर शेंगदाणे. आठवड्याभरात माद्या पायरीवर येऊन बसू लागल्या आणि एकीने नातवाच्या हातातून केळे घेतले. त्या दिवसाचा नातवाचा चेहरा मी विसरणार नाही. तो जूनमध्ये परत गेला. वानरे गेली नाहीत.

आमच्या घरापासून हाकेवर काकींचे घर आहे. सारी वाडी त्यांना काकीच म्हणते. नवऱ्यामागे चार गुंठ्यांच्या परसावर त्यांनी दोन मुली उजवल्या. वाली, चवळी, भोपळे, तवशी आणि कुंपणाच्या कडेने केळी. कोकणात चतुर्थीला गणपतीवर माटवी बांधतात. तिला नारळ, सुपारी, कवंडळे, तवशी आणि केळ्यांच्या फण्या टांगतात. त्यामुळे चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात बाजारात केळ्यांना जो भाव येतो तो वर्षभर पुन्हा येत नाही. काकींचा वर्षाचा तेल-साखरेचा, औषधांचा आणि मुलींच्या ओवशाचा खर्च त्या आठ दिवसांवर बेतलेला असतो.

आमच्या फणसावरून काकींच्या छपरावर एका उडीचे अंतर आहे. पूर्वी टोळी त्या वाटेने येतच नसे. आता आमच्याकडे येऊन काही मिळाले नाही की ती उडी मारी. दहा-पंधरा किलोचे जनावर कौलावर पडले की कौल फुटते. ऐन आषाढात काकींच्या चुलीवर पाणी गळू लागले. तो धाडधाड आवाज मी ऐकत होते, खोटे कशाला सांगू, आणि त्याच वेळी नातवाला फोनवर सांगत होते, ‘आज अकराजणे आले बरे का!’ चतुर्थीला सहा दिवस उरले असताना टोळी केळींत शिरली. नऊ लोंगरांपैकी सातांचा चुराडा. अर्धे खाल्लेले, अर्धे नुसतेच ओरबाडून टाकलेले. मी धावत गेले. काकी खाली पडलेली केळी सुपात वेचीत होत्या. मी काहीतरी हळहळ व्यक्त केली. त्या वर न बघता म्हणाल्या, ‘गो बाये, तुका ते बघूक बरे वाटतत. माका ते पोसूचे लागतत.’

मला राग आला. वेड्यासारखा राग आला. आम्ही काय त्यांना सांगितले होते केळी खायला? पण घरी येऊन खळ्यात बसले तेव्हा समोर पेळेवर सालींचा काळा डाग दिसत होता. तो मीच पाडलेला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कौलांचे पैसे देऊ केले. काकी म्हणाल्या, ‘कौलांचे पैसे तुमी देतलास, पण माझी चवथ गेली तेचा काय?’ कौले मात्र त्यांनी आणू दिली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. माझा हा आनंद साऱ्या आनंदांत निर्मळ, असे मी समजत होते. शिकाऱ्याला कातडे हवे असते, व्यापाऱ्याला हस्तिदंत, शेतकऱ्याला ओढायला बैल. मला काहीच नको, मी फक्त बघते. या निरिच्छपणाचा मला केवढा अभिमान! आपल्याकडे म्हणतातच, बघणाऱ्याचे काय जाते? बघणाऱ्याचे काही जात नाही हे खरे, पण कुणाचेच काही जात नाही असे त्यातून मी परस्पर ठरवून टाकले होते. नाटकाला गेले तर मी तिकीट काढते. इथे तिकीट काकींनी काढले होते आणि पहिल्या रांगेत जाऊन मी बसले होते.

आणि मी आले कुठून? दादर-माटुंग्याचा भाग एके काळी भातखाचरांचा आणि नारळीच्या वाड्यांचा होता. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने तिथे रस्ते आखले, चौक पाडले आणि आमच्यासारख्या पांढरपेशांची वस्ती झाली. तिथेही कधी कोल्हे ओरडत असतील, भातात डुकरे शिरत असतील. आमच्या आधीच्यांनी त्यांचा बंदोबस्त केला म्हणून मी तिथे निवांत वह्या तपासू शकले. आपले अंगण असे झाडूनपुसून घेतल्यावर मग मी दुसऱ्याच्या अंगणातल्या जनावरांचे कौतुक करायला आले आणि ती जनावरे त्याने राखावीत अशी अपेक्षाही धरून बसले. आमच्या जिल्ह्यात 2002 साली कर्नाटकातून दोडामार्गाकडे हत्ती उतरले, तेव्हा दादरला आम्ही पेपरातला फोटो बघून हरखलो होतो. महाराष्ट्रात रानटी हत्ती! माझ्या वर्गातल्या फळ्यावर ते कात्रण कितीतरी दिवस लावलेले होते. ज्याच्या माडांच्या आणि केळींच्या बागा त्या हत्तींनी आडव्या केल्या त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले असेल, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. पुढे त्या हत्तींपायी माणसेही दगावली.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती मी सोडू शकत नाही. ज्याचे नुकसान होते त्यानेच काय ते ठरवायचे म्हटले तर जनावरांच्या बाजूने बोलणार कोण? 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला तो मुख्यतः काकींसारख्यांच्या मागणीवरून नव्हे, हे उघड आहे. पण तो झाला नसता तर पुष्कळसे प्राणी मला मुलांना चित्रातच दाखवावे लागले असते. उलट, माधव गाडगीळांसारखा उभा जन्म सह्याद्रीत हिंडलेला शास्त्रज्ञ याच कायद्याने शेतकऱ्याचे हात बांधून ठेवले आहेत असे जाहीरपणे मांडीत असे, आणि रानडुकरांच्या मर्यादित शिकारीला मोकळीक द्यावी असेही. दोन्ही बाजू मला वाचताना पटतात. ज्याला दोन्ही बाजू पटतात त्याला बहुधा केळी लावावी लागत नाहीत, असाही एक संशय मला येऊ लागला.

दरम्यान मी वानरांबद्दल मिळेल ते वाचीत होते. बघण्यापेक्षा वाचण्यात कुणाचे नुकसान नाही, असा काहीसा हिशेब होता. त्यात मला असे कळले की 1960 च्या दशकात, इथून फारसे दूर नव्हे, धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकाने वानरांच्या टोळ्या पाहिल्या. बाहेरचा नर येऊन जुन्या हुप्प्याला हुसकून लावतो आणि मग टोळीतली तान्ही पिले मारतो, हे त्याने नोंदले. पुढे सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षे हेच तपासले आणि 1977 साली त्यावर ग्रंथ लिहिला. ज्या माद्यांना मी बारशाच्या बायका म्हणत होते त्यांच्या डोक्यावर हे सावट कायम असते. पुस्तक मिटून मी वही काढली. तीन वर्षांच्या नोंदींत मायेचे, खोड्यांचे, उवा बघण्याचे पानभर वर्णन होते. दोन पिले एकाएकी दिसेनाशी झाली होती, त्यांच्यापुढे मी फक्त ‘दिसले नाही’ एवढेच लिहिले होते. मी वानरे बघत नव्हते. चौथीच्या पुस्तकातला धडा झाडावर बसवून तो वाचीत होते. काकींना ती चोर वाटत, मला देवमाणसे. त्यांतल्या त्यात काकींना निदान त्यांचे दात माहीत होते.

मग मी केळी लावली. प्रायश्चित्त म्हणा, किंवा काकींच्या रांगेत जाऊन बसण्याची धडपड म्हणा. खायला घालणे तर त्याच दिवशी बंद केले होते. नुकसान सोसले की मग आनंदाचा हक्क रीतसर मिळेल, असा माझा शिक्षकी समज. पाच कोंब लावले, शेणखत घातले, पावसात त्यांचे बुंधे बांधले, आणि पुढल्या वर्षाच्या अखेरीस त्यांतल्या तिघींना लोंगर धरले. त्या लोंगरांकडे मी धनेशाकडेही बघितले नसेल अशा डोळ्यांनी बघत असे.

एका सकाळी आवाज आला म्हणून मागे गेले तर एक मादी सगळ्यांत मोठ्या लोंगरावर बसून केळ्यांमागून केळी तोडीत होती. एक घास घ्यायचा आणि टाकायचे. मी ओरडले, तिने नुसते बघितले. मला वाटते तिने मला ओळखले, आणि तेच मला सहन झाले नाही. पायाशी चिऱ्याचा तुकडा होता. तो मी सारी ताकद लावून मारला. लागेल असे वाटले नव्हते, आयुष्यात माझा नेम कधी लागलेला नाही. तो तिच्या मनगटावर बसला. ती खाली पडली, कुंपणापर्यंत तीन पायांवर गेली आणि रातांब्यावर चढून तो हात छातीशी धरून बसली. तिच्या पोटाशी पिलू होते. ते मला आधी दिसले नव्हते.

थोरोची आठवण झाली. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’चा ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने अनुवाद केला आहे, तो आमच्या कपाटात दादरपासून आहे. 1845 साली हा गृहस्थ तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला आणि त्याने घेवडा पेरला. वुडचक म्हणून तिकडे बिळात राहणारा, मांजराएवढा गुबगुबीत प्राणी असतो, त्याने पाव एकर घेवडा फस्त केला. रानातल्या प्रत्येक जिवावर जीव टाकणाऱ्या थोरोने त्यांतल्या एकाला चक्क मारले आणि खाल्ले, आणि तसे प्रांजळपणे लिहूनही ठेवले. दादरला वाचताना मी त्या पानावर हसले होते. आता माझ्या हाताला चिऱ्याची लाल धूळ लागली होती. नुकसान सोसल्याने मी शहाणी झाले नव्हते. काकींच्या रांगेतही बसले नव्हते. काकींनी इतक्या वर्षांत गोफण फिरवली ती कायम वरच्या फांद्यांत, आवाज होण्यापुरती.

हे मला नंतर कळले. खालच्या वाडीतले एक बंदूकवाले गृहस्थ काकींकडे आले होते, म्हणाले, एकदा हुप्प्याला उडवला की टोळी फिरकणार नाही. काकी म्हणाल्या, ‘तेका मारून काय, आमटी करतलस? मारुतीचा रूप ता.’ आणि त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, नातवाचे दिवाळीचे उरलेले फटाके मागायला. मारुतीच्या कानाशी ॲटम बाँब लावायला त्यांची मुळीच हरकत नव्हती. त्यांना या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. मला दिसते, पण त्यांच्या हातून कुणाचे मनगट मोडले नाही.

बघणे सोडून द्यावे असेही मी मधे ठरवले होते. दार लावून घ्यायचे, वही बंद. दहा-बारा दिवस ते टिकले. मग एका दुपारी छपरावरून चटई झटकल्याचा आवाज गेला आणि मी हातातले पीठ तसेच ठेवून बाहेर धावले. तो आनंद मी मागितला नव्हता आणि परत करावा म्हटले तर तो घेणारेही कुणी नव्हते.

आता चतुर्थीच्या आधीचा महिना आम्ही दोघी राखणीला बसतो. सकाळी काकी, दुपारी मी, आणि उन्हे उतरल्यावर दोघी एकत्र, त्यांच्या मांगराच्या पायरीवर. एक रिकामा तेलाचा डबा आणि एक काठी, एवढे आमचे शस्त्र. वाजवून वाजवून हात दुखतात. टोळी येते, आम्ही डबा बडवतो, ती पलीकडच्या आंब्यावर जाऊन बसते आणि आमच्याकडे बघते, आम्ही तिच्याकडे बघतो. गेल्या साली नऊपैकी सहा लोंगर बाजारात गेले. माझी केळी मी काकींच्या टोपलीतच घालते, त्या त्यांचा हिशेब वेगळा ठेवतात आणि पैसे मोजून देतात. नको म्हटले तर रागावतात.

मनगट मोडलेली ती मादी अजून टोळीत आहे. हात वाकडा जुळला आहे, फांदी धरताना ती दुसरा हात आधी टाकते. पिलू मोठे झाले. दगडाची गोष्ट मी काकींना सांगितलेली नाही. रोज सांगीन म्हणते.

परवा संध्याकाळी आम्ही बसलो होतो. टोळी आंब्यावर आली, हुप्प्याने एकदा हूप केले आणि सगळी शांत झाली. काकींनी डबा उचलला नाही. डोळ्यांवर हात धरून त्या बराच वेळ एकेक फांदी बघत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘गो बाये, ती हात मोडलेली आज येवक नाय?’

मीही तिलाच शोधत होते.